पिठातली पावलं

ताई, पिठात उमटलेले पाय मांजराचे होते. हे आधीच सांगून टाकते, कारण तू असतीस तर बाकी काहीही ऐकून घेण्याआधी हेच विचारलं असतंस.

तू गेलीस त्या संध्याकाळी आम्ही स्मशानातून परतलो आणि आईने स्वयंपाकघरात जाऊन कणकेचा डबा काढला. ऐंशी ओलांडलेली आई, एरवी खुर्चीतून उठायलाही कुणाचा तरी हात लागतो तिला. त्या दिवशी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. दुपारी चहाचा कप हातात असतानाच तू ज्या दिवाणावर मान टाकलीस, त्याच्याशेजारी तिने ताट ठेवलं, ताटात कणीक पसरली, तळहाताने सारखी केली. वर झाकायला टोपली हवी होती. हडपसरच्या फ्लॅटमध्ये बांबूची टोपली कुठून येणार? शेवटी कांदेबटाट्यांची प्लास्टिकची जाळीची टोपली रिकामी करून तीच पालथी घातली. पणती बाहेरच ठेवली, नाहीतर टोपली वितळली असती. गेलेला माणूस पुढे कुठल्या जन्माला जाणार त्याची पावलं सकाळी त्या पिठात दिसतात, असं जुनी माणसं मानतात. पक्ष्याची, गाईची, माणसाची. तू चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली असतीस, "कणीक वाया घालवू नका, सकाळी पोळ्या करा."

मी आईला अडवलं नाही. तू अडवलं असतंस का, याचा विचार अजून करते आहे.

सकाळी नारायण पेठेतून काकू आल्या, थर्मासमध्ये चहा घेऊन. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून सगळ्यांच्या पोटाची काळजी त्यांनी आपल्याकडे घेतली होती. चहा ओतायच्या आधी त्यांनी टोपली उचलली आणि ओरडल्या, "अगं बाई, उमटलंय की! पक्षी दिसतोय." आई खुर्चीत पुढे सरकली. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. "नीलूला कळेल," काकू म्हणाल्या, "ती हिच्याच हाताखाली शिकली ना सगळं."

खरं आहे ते. मी ताटाजवळ गुडघ्यावर बसले आणि तुझा आवाज ऐकू आला. अंदाज करायचा नाही, नीलू. आधी बोटं मोज. नख्या दिसतात का बघ. मग तोंड उघड.

हे तू मला खडकीच्या क्वार्टर्समध्ये शिकवलंस. बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, आणि एकदा कॅम्पातून येताना त्यांनी जुन्या बाजारातून मुलांचं एक इंग्रजी चित्रांचं पुस्तक आणलं. त्यात एका पानावर नुसते पाय होते. प्राणी नाहीत, नुसते पाय, आणि प्रत्येकाखाली नाव. वाघाचा पॉ, घोड्याचा हूफ, कोंबडीचा क्लॉ, गरुडाचा टॅलन, डुकराचा ट्रॉटर, सीलचा फ्लिपर. तू ते पान पाठ केलंस आणि मग आपल्या परिसरातल्या जनावरांवर तपासायला निघालीस. स्टेशनबाहेर टांगे उभे असायचे, तिथे घोड्याने पाय उचलायची वाट बघत तू तासभर उभी राहायचीस. टांगेवाल्याला वाटायचं, मुलीला फिरायला जायचंय. गटाराच्या कडेने पिलं घेऊन चाललेल्या डुकरिणीमागे जायला मात्र तुला जमायचं नाही. ती पळायची. तू मला पाठवायचीस आणि मी धापा टाकत परत आले की उलटतपासणी घ्यायचीस. खूर दोन होते की चार? मागचे दोन जमिनीला टेकत होते का? मी काहीतरी ठोकून दिलं की ओळखायचीस.

तुला पळता येत नव्हतं, कारण तुझा डावा पाय पोलिओने लहानपणीच वाळला होता. उजव्यापेक्षा आखूड आणि पाऊलही लहान. लोखंडी पट्ट्यांचा, जाड तळव्याचा तो बूट मला कळतं तेव्हापासून तुझ्या पायात होता. तू येते आहेस हे मला जिन्यावरूनच कळायचं. ताप आला तेव्हा आईने आधी घरचे काढे दिले आणि मग दवाखान्यात नेलं, हे ती स्वतःच सांगायची, कुणी विचारलेलं नसताना. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, आधी आणलं असतं तरी काही फरक पडला नसता. डॉक्टरांवर तिचा विश्वास नव्हता. स्वतःच्या चुकीवर मात्र पक्का होता.

रोज आंघोळीआधी ती त्या पायाला तेल लावायची आणि पुटपुटायची, "पुढच्या जन्मी तरी देवाने धड पाय द्यावेत." तू पेपर वाचत असायचीस. "या जन्मात कुठे अडलंय?" असं म्हणून पान उलटायचीस. आयुष्यभर तुमचं एवढंच बोलणं झालं या विषयावर. ती देवाशी बोलायची आणि तू पेपराशी.

आणि गौरी. दर भाद्रपदात दारापासून हळदीकुंकवाची पावलं काढायची आणि घरातल्या लेकीने मुखवटे हातात घेऊन त्या पावलांवरून आत यायचं. "गौर कशाच्या पावलांनी आली?" "सोन्याच्या पावलांनी आली." तू थोरली, मान तुझा. पण आईने ताट दिलं माझ्या हातात. "गौर डगमगता कामा नये," एवढंच म्हणाली. तू चमचा आणि थाळी घेऊन वाजवत माझ्यामागून चाललीस. दर वर्षी. एका वर्षी मला ताप होता तर आईने स्वतः गौरी आत आणल्या, तुला बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर स्वयंपाकघरात सोळा भाज्या चिरताना मी तुझ्याकडे बघायचं टाळत होते. तूच म्हणालीस, "काय तोंड पाडून बसलीयेस? साडी उचलून बघ एकदा. मुखवट्याखाली पिठाचा डबा असतो. तिला स्वतःला कुठे पाय आहेत?" मी इतकी हसले की आई बघायला आली. तू हसली होतीस की नाही, ते मला आठवत नाही.

मराठी शाळेत इंग्रजी शिकवायला लागलीस तेव्हा मला वाटलं, ते पुस्तक आता माळ्यावर जाणार. तू ते वर्गात नेलंस. पाचवीच्या नव्या वर्गाचा पहिला तास म्हणजे पाय, हे तू ठरवूनच टाकलं होतंस. एका पुठ्ठ्यावर प्राण्यांचे नुसते पाय काढलेस आणि फळ्यावर टांगलेस. का, असं मी विचारलं तेव्हा तू भाजी निवडता निवडता सांगितलंस, "मी वर्गात शिरले की सगळी पोरं पहिल्यांदा माझ्या बुटाकडेच बघतात. बघायचंच आहे तर इंग्रजी शिकत बघू देत." पुठ्ठा संपला की तू बूट खुर्चीवर ठेवायचीस, साडी जरा वर घ्यायचीस आणि म्हणायचीस, आता हा पाय. याला इंग्रजीत काय म्हणतात? वर्गात चिडीचूप. मग तूच सांगायचीस. फूट. एफ, ओ, ओ, टी. लिहा.

हे आईला सांगू नकोस, अशी मला ताकीद होती. "तिला वाटतं मी पाय लपवते. वाटू दे. मी वर्गाला दाखवते हे कळलं तर तिला जास्त लागेल." मी नाही सांगितलं. तुमच्या दोघींमध्ये पडणाऱ्या माणसाचं काय होतं, हे बाबांच्या उदाहरणावरून मला माहीत होतं.

आपलं भांडण वेगळं होतं, आणि ते अर्धवटच राहिलं. तू म्हणायचीस, इंग्रजांनी खाली वाकून पाहिलं म्हणून त्यांच्याकडे प्रत्येक पायाला नाव आहे. मराठीत वाघाचाही पंजा, गरुडाचाही पंजा, आणि थप्पड मारली तर गालावर उठतो तोही पंजा. मी म्हणायचे, आपल्याकडे खूर आहे, टाप आहे, नख्या आहेत, आणि नसलं तर नसलं. पाय म्हटलं की मुंगीपासून हत्तीपर्यंत सगळे एका पंगतीत बसतात. गाईच्या खुराला आपण गोपद्म म्हणतो, कमळ म्हणतो, दारात रांगोळीने काढतो, हे कुठल्या इंग्रजाला सुचलं? त्यावर तू म्हणालीस, "आईने काढलेलं गोपद्म बघितलंस का? मधे चीर नाही त्याला. गाढवाचं आहे ते. चातुर्मासभर आपल्या दारात गाढवाची पूजा चालते." आईने हे ऐकलं आणि तुझ्याशी दिवसभर बोलली नाही. पुढच्या वर्षी मात्र चीर काढली.

एकदा मात्र तू माझ्या बाजूने बोललीस, चुकून. हत्तीच्या पायाला वेगळा शब्द सापडेना. सगळे कोश धुंडाळलेस. हत्तीलाही फूटच. मी म्हटलं, बघ, तुझे इंग्रजही थकले. तू कोश मिटलास आणि म्हणालीस, "नाही गं. हत्ती आणि मी एका वर्गातले." तुझ्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी तुझ्या पगारवाढीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

तू गेलीस त्याच्या आदल्या रविवारी मी फोनवर तुला पालीबद्दल विचारलं होतं. पालीच्या पायाला काय म्हणायचं? तू म्हणालीस, बघून सांगते. भिंतीवर पाल दिसली की अजून मला वाटतं, आता तुझा फोन येईल.

तर मी ताटाजवळ गुडघ्यावर बसले होते. बोटं मोजली, चार. नख्यांचे ठसे नाहीत, म्हणजे कुत्रा नव्हे, मांजर नख्या आत ओढून चालतं. मधली गादी गोलसर. काकूंनी उचलली तेव्हा टोपली एका बाजूने सरकलेलीच होती, आणि दिवाणाखाली आपला फौजदार बोका अंग चाटत बसला होता, मिशीला कणीक लागलेली. बिचारा तू जिथे बसायचीस तिथेच तुला शोधत आला असणार.

"मांजर आहे," मी म्हणाले.

काकूंनी कपाळाला हात लावला. "मांजराचा जन्म? शिव शिव. इतकी शिकलेली मुलगी."

"काकू, आपला फौजदार आहे तो. टोपलीखाली शिरला होता."

काकूंना आधी वाईट वाटलं, आणि मग जरा बरंही वाटलं असावं. आईने मात्र यातलं काही ऐकलंच नाही. ती ताटाकडे बघत होती. तिने इतक्या हळू विचारलं की मला तिच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला.

"नीलू, पाय सारखे आहेत का गं?"

तेव्हा मला कळलं, पक्षी की गाय की माणूस, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तिला एवढंच बघायचं होतं. रात्रभर त्या खुर्चीत ती यासाठीच बसून होती.

मी परत ताटावर वाकले. खरोखर नीट पाहिलं, तुझी शपथ. फौजदार कणकेत चारही पायांवर उभा राहिला होता.

"चारही सारखे आहेत, आई."

"चार मिळाले," ती म्हणाली. "चार मिळाले तिला." आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा रडली, मोठ्याने, काकूंचा हात धरून. मी खोटं एक अक्षर बोलले नव्हते, ताई. तरी तुझ्याशी दगाबाजी केल्यासारखं वाटत राहिलं. ज्या पायाबद्दल तू कुणाकडे कधी काही मागितलं नाहीस, त्याच्या जागी मी तिला दुसरे पाय काढून दिले, तेही तुझ्याच मांजराचे. ताट उचलून कणीक मी गच्चीवर पाखरांना घातली. पोळ्या करायचं धाडस झालं नाही.

मग भेटायला माणसं यायला लागली. एका दुपारी अमोल नावाचा मुलगा आला. मुलगा म्हणते, पण केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे. मगरपट्ट्याकडे कुठल्याशा आयटी कंपनीत आहे, तुझा पाचवीचा विद्यार्थी. बायकोला घेऊन आला होता. चपला काढून तो दिवाणाच्या कडेला टेकला. मग आईकडे बघून म्हणाला, "आजी, अ‍ॅक्च्युअली बाईंनी आमचं फर्स्ट लेक्चर पायांवर घेतलं होतं. वाघाचा, डुकराचा, सगळ्यांचे. आणि लास्टला स्वतःचा."

मी पाण्याचा ग्लास घेऊन दारातच थांबले. त्याला गप्प करावं असं एकदा मनात आलं.

"स्वतःचा म्हणजे?" आईने विचारलं.

"म्हणजे बूट चेअरवर ठेवला ना त्यांनी. म्हणाल्या, नीट बघून घ्या, मग वर्षभर वह्यांकडे बघायचं. आम्ही जाम घाबरलो होतो. मग म्हणाल्या, याला काय म्हणतात? कुणीच बोलेना. त्यांनी फळ्यावर लिहिलं, फूट. आजी, ते स्पेलिंग मी लाइफमध्ये कधी चुकलो नाही."

त्याची बायको त्याला कोपर मारत होती. आईने तिकडे लक्ष दिलं नाही.

"ती रडली होती का रे?"

"कोण, बाई? नाही हो. त्यांनी मागच्या बाकावरच्या मुलाला विचारलं, तुला दिसतंय का नीट, नाहीतर पुढे ये."

आई हसली नाही, पण तिच्या तोंडाचा आकार बदलला. अमोल गेल्यावर ती बराच वेळ बाल्कनीतून खाली बघत होती. संध्याकाळच्या बसेस भरून चालल्या होत्या. त्याच बसने तू इतकी वर्षं पेठेत शाळेला जायचीस, आणि तू येईपर्यंत ती इथेच उभी असायची.

"तुला ठाऊक होतं?" तिने विचारलं.

"हो."

"मला का नाही सांगितलं तिने?"

"तू रडशील म्हणून."

"रडलेच असते," ती म्हणाली. मग खालच्या बसकडे बघत, "मला वाटायचं ती लांब साड्या त्यासाठीच नेसते."

लांब साड्या तू का नेसायचीस, हे मलाही माहीत नाही. मुलांसमोर पाय ठेवणारी तू बसमध्ये, लग्नकार्यात, आपल्याच घरात गौरींच्या वेळी आतून काय सोसत होतीस, हे मी कधी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. तुझ्या थट्टेने मला आयुष्यभर इतकं हसवलं की त्यापलीकडे काही असेल असं माझ्या मनातच आलं नाही. आता वाटतं, असेलही, नसेलही. तुझंच वाक्य आहे, अंदाज करायचा नाही. म्हणून करत नाही. पण तू मला बघायला शिकवलंस, ताई, आणि मी त्याबद्दल तुला कधी काही म्हटलं नाही. जनावर आपल्यासमोर कसं उभं आहे, कुठला पाय टेकतो, कुठला उचलतो, हे मला दिसतं. माणसांचंही दिसतं. ते तुझ्यामुळे.

तेरावं झालं. गोडाचं जेवण झालं, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर आई खुर्चीत नव्हती. फ्लॅटचं दार सताड उघडं होतं. सुतक संपलं म्हणून ती दारासमोर पाट ओढून बसली होती, रांगोळीचा डबा मांडीवर, लिफ्टमधून बाहेर पडणारे लोक तिला वळसा घालून चालले होते. तिचे हात थरथरतात, तुला माहीत आहे. गेली काही वर्षं उंबऱ्याला आपण ते बाजारातलं चिकटणारं रांगोळीचं स्टिकर लावतो. ते तिने उपटून बाजूला ठेवलं होतं.

तिने पावलं काढली होती, गौरींची काढतो तशी. एक उजवं, एक डावं. डावं फार लहान आलं होतं.

"आई," मी म्हटलं, "हात हलला का? डावं लहान झालंय. थांब, मी पुसून देते."

तिने माझा हात धरला. "पुसू नकोस. लहानच होतं."

मी तिथेच खाली बसले. तुझ्या सवयीने आधी बोटं मोजली. दोन्ही पावलांना पाचपाच होती, आणि सगळी घराच्या आत येणारी.